आधी खोट सांगायची

आत्या, तुझी जागा रिकामी झाली आणि काकांनी परस्पर मला उभं केलं. तुझे दिवस झाले, पाहुणे आपापले डबे ओळखून घेऊन गेले, मी दारात चपला शोधत होतो, तेवढ्यात काकांनी माझ्या शर्टाची बाही धरली.

"नंदू, रविवारी मीना येतेय. मला बोरिवलीला न्यायचं म्हणते. कायमचं."

मी म्हटलं, "बरंच आहे की काका. पोरगी आहे तुमची. लिफ्ट आहे, नातवंडं आहेत."

"मला नाही जायचं."

तुझ्या हयातीत काकांचं इतकं स्पष्ट वाक्य मी ऐकलं नव्हतं. म्हणजे तू असताना त्यांना ते बोलायची गरजच पडली नव्हती. ते पुढे म्हणाले, "मला बोलता येत नाही रे. मीना सुरू झाली की मी हो म्हणतो. तू बोल माझ्या बाजूने. एरवी ही बोलायची." आणि 'ही' म्हणताना त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट केलं. जणू तू आत फोडणी घालत होतीस आणि हात पुसत बाहेर येणार होतीस.

मी हो म्हणालो. मग घाटकोपरहून मुलुंडला घरी येईपर्यंत घाम पुसत होतो. कारण या कामातला माझा अनुभव तुला ठाऊक आहे. मंगल कार्यालयाचा व्यवस्थापक म्हणून मी आज कितीही कडक इस्त्रीचा शर्ट घालत असलो, तरी समोरचा आवाज चढला की मी पाणी प्यायला जातो. हे मी म्हणत नाही. हे तू म्हणालीस, माझ्या नोकरीच्या मुलाखतीत, मालकांच्या तोंडावर.

त्या मुलाखतीचं आपलं भांडण अर्धंच राहिलं. ते आधी पुरं करतो.

छापखाना बंद पडून बरेच महिने झाले होते. लोक लग्नपत्रिका मोबाइलवर पाठवायला लागले आणि आमचं यंत्र गप्प झालं. मी घरी बसून वैशालीच्या ट्यूशनच्या पोरांना दार उघडून देत होतो. पोरं मला 'वॉचमन काका' म्हणायची आणि मला ते मनातून पटायला लागलं होतं. तेव्हा कुठेतरी जाहिरात दिसली. मंगल कार्यालयासाठी व्यवस्थापक पाहिजे, पाच वर्षांचा अनुभव आवश्यक. माझा लग्नांचा अनुभव म्हणजे स्वतःचं एक आणि बाकीची जेवलेली.

पण आमचा ओम तेव्हा नुकताच कॉलेजात गेला होता आणि त्याला जगातलं सगळं येत होतं. त्याने माझा रेझ्युमे केला. सोसायटीच्या गणपतीत मी प्रसाद वाटतो, त्याचं झालं 'इव्हेंट कोऑर्डिनेशन'. छापखान्यात नवरीच्या बापांची बोलणी खायचो, ते झालं 'क्लायंट मॅनेजमेंट'. वाचून मलाच माझ्याबद्दल आदर वाटायला लागला. वैशालीने वाचलं आणि विचारलं, "हा माणूस राहतो कुठे?"

आदल्या दिवशी मी तुझ्या पाया पडायला आलो. तेवढंच करायला आलो होतो, आत्या. तू कोकमाची सोलं निवडत होतीस.

"बरोबर कोण येतंय तुझ्या?"

"इंटरव्ह्यूला बरोबर कोणी येत नसतं, आत्या."

"कोण म्हणतो? वैशालीला बघायला गेलो तेव्हा कोण आलं होतं?"

"ते लग्न होतं!"

"मग हे काय आहे? ते तुला बघणार, तू त्यांना बघणार. पसंत पडलं तर रोज तोंड बघायचं एकमेकांचं. आणि स्वतःचं स्वतः कधी सांगता येतं का मेल्या? एक तर फुगवून सांगशील, नाहीतर गप बसशील. तुका काय येता ता मी सांगतंय."

मालवणीत शिरलीस की तुझं ठरलेलं असायचं. तरी मी निक्षून सांगितलं, "आत्या, येऊ नकोस. माझी वाट लागेल." तू "बरं" म्हणालीस. इतक्या लगेच बरं म्हणालीस तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या फाटकाशी रिक्षातून उतरलो, तर तू आधीच तिथे. निळी सुती साडी, काखेत पर्स, आणि वॉचमनशी त्याच्या मुलीच्या लग्नाचं बोलणं चाललेलं. मला म्हणालीस, "हॉल बघायला आलेय. हॉल बघायला कुणाची परवानगी लागते काय?"

आपल्या घराण्यात हे तुझं खातंच होतं. कुणाचं लग्न ठरवायचं, कुणाचं भांडण मिटवायचं, कुणासाठी शब्द टाकायचा, की बोलायला तू. आणि तुझी रीत जगावेगळी. लोक आपल्या माणसाचं कौतुक करत सुरुवात करतात. तू आधी खोट सांगून सुरुवात करायचीस. वैशालीच्या घरी पोह्यांची बशी हातात घेऊन तू म्हणाली होतीस, "मुलगा घोरतो. चिडत नाही, पण रुसतो, आणि रुसला की दोन दिवस आमटीला नावं ठेवतो. खर्चाच्या बाबतीत चिकट आहे." माझे होणारे सासरे बशीतला चमचा तसाच धरून बसले होते. मला वाटलं, आता उठावं आणि थेट कोकणात निघून जावं. पण वैशाली आजही सांगते, "आत्यांनी जेवढं सांगितलं तेवढंच निघालं. नंतर नवीन काही सापडलं नाही." आमच्या लग्नाबद्दल इतकं चांगलं मी कुणाकडून ऐकलेलं नाही.

तर मुलाखत. आत दोघे भाऊ बसलेले, थोरले मालक आणि धाकटे मालक. धाकट्यांनी तुझ्याकडे बघून विचारलं, "ह्या कोण?"

"मी आत्या," तू म्हणालीस. हुद्दा सांगावा तसं. आणि खुर्ची ओढून बसलीस.

धाकट्यांनी माझा रेझ्युमे वाचला आणि भुवया उंचावल्या. "अनुभव बराच दिसतोय. कुठल्या कुठल्या हॉलमध्ये काम केलंय?"

मी घसा साफ केला. "म्हणजे, तसं इव्हेंट कोऑर्डिनेशन म्हटलं तर..."

"नाही केलं," तू म्हणालीस. "अनुभव नाही. अजिबात नाही. सोसायटीच्या गणपतीत हा खिरापत वाटतो, ते पोराने इंग्रजीत लिहिलंय."

त्या खोलीतला पंखा फार आवाज करतो हे मला तेव्हाच कळलं. पुढे नोकरीला लागल्यावर पहिला तो दुरुस्त करून घेतला.

मी टेबलाखालून तुझ्या पायाला पाय लावला. तू मोठ्याने म्हणालीस, "पाय काय मारतोस? खरं तेच सांगतेय." आणि मग बोटांवर मोजत सुरू झालीस. "भांडता येत नाही. समोरचा ओरडला की हा पाणी प्यायला जातो. इंग्रजी वाचतो, पण बोलताना अडकतो. पोट नाजूक आहे, रोज आचाऱ्याच्या हातचं खाल्लं तर आजारी पडेल. आणि याला नाही म्हणता येत नाही. एका तारखेला दोन लग्नं घेऊन ठेवील, लक्ष ठेवावं लागेल."

थोरले मालक हसायला लागले. "आजी, मग ह्यांना घ्यायचं कशाला?"

"ते तुम्ही ठरवा. काय नाही ते मी सांगितलं. काय आहे ते आता त्याला विचारा."

आणि तू पर्समधून रुमाल काढून चष्मा पुसत बसलीस. तुझं काम संपलं होतं.

आत्या, खरं सांगू? त्या क्षणी मला तुझा भयंकर राग आला होता. पण त्याच वेळी अंगातून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. लपवायला काही उरलंच नव्हतं. थोरल्यांनी विचारलं, "बोला, काय येतं तुम्हाला?" आणि मी ओमचं इंग्रजी विसरून बोललो. म्हटलं, इतकी वर्षं मी लग्नपत्रिकेचा मजकूर घ्यायला लोकांसमोर बसलोय. पत्रिका ठरताना कळतं लग्नात कोण रुसणार. कुणाचं नाव वर घ्यायचं यावर जो काका गप्प होतो, तो जेवणाच्या वेळी भांडण काढतो. जो मामा 'माझं नाव नसलं तरी चालेल' म्हणतो, त्याचं नाव आधी टाकायचं. मला हॉल चालवता येत नाही, पण माणसं कुठे अडतात ते कळतं.

थोरल्यांनी धाकट्यांकडे पाहिलं. "तीन महिने ठेवून बघू."

बाहेर आल्यावर मी फाटकातच तुझ्यावर ओरडलो. "तू माझी वाट लावलीस आत!"

"वाट लावली आणि नोकरीपण लावली."

"ती मी बोललो म्हणून मिळाली!"

"तू बोललास, कारण मी तुझं गाठोडं सोडून ठेवलं होतं."

हे भांडण आपण सहा-सात वर्षं जपलं. दर गणपतीत, दर भाऊबीजेला, कुणीतरी मुद्दाम काडी लावायचं आणि आपण सुरू व्हायचो. मी म्हणायचो, तू असूनही मिळाली. तू म्हणायचीस, मी होते म्हणून मिळाली. यंदाच्या भाऊबीजेला तुझा दम लागत होता, तरी तू वाक्य पुरं केलंस. मला वाटलं, पुढच्या वेळी नवा मुद्दा काढू.

नवा मुद्दा मिळाला, पण तू गेल्यावर. रजा मागायला गेलो तेव्हा थोरल्या मालकांना सांगितलं, आत्या गेली. ते हळहळले. "त्या आल्या होत्या त्याच ना? चष्मा पुसत होत्या." मी धीर करून विचारलं, "साहेब, खरं सांगा. तेव्हा मला कुणामुळे घेतलंत? तिच्यामुळे की माझ्यामुळे?"

ते विचारात पडले. मग म्हणाले, "अहो, दुसरं आलंच कोण होतं?"

आत्या, दुसरा उमेदवारच नव्हता. पाच वर्षांचा अनुभव वाचून बाकीचे सगळे घरी बसले होते. जिन्यात उभा राहून मी इतका हसलो की आचारी बाहेर येऊन बघून गेला. आणि मग थोडा वेळ हसणं थांबलं तरी डोळे थांबेनात. कारण हे जिला सांगायचं ती तू. तू काय म्हणाली असतीस तेही मला माहीत आहे. "मग तर माझंच खरं. तू तरी कुठे जाणार होतास? मी येते म्हटलं म्हणून चिडून गेलास." बरोबर आहे. त्या दिवशी सकाळी पोटात दुखतंय म्हणून मी झोपूनच राहणार होतो. पण तू एकटी तिथे जाऊन बसशील या भीतीने उठलो.

जिंकलीस. घे.

तर शनिवारी मी काकांना तयार करायला घाटकोपरला गेलो. मीनापुढे काय काय बोलायचं ते ठरवू म्हटलं. काकांनी चहा विचारला, मग साखर कुठे आहे ते सापडेना म्हणून चहा राहिला. बसलो दोघे. मी म्हटलं, "काका, आत्या हे असं आधी खोट सांगायला कधी शिकली?"

काकांनी खिशातून कानाचं यंत्र काढलं, लावलं, मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला. आणि मग जे बोलले, ते तू मला कधीच का सांगितलं नाहीस?

"हिला बघायला गेलो तेव्हा तुझे आजोबा म्हणाले, मुलगी गाते छान. माझी आई म्हणाली, मग म्हण बाळ एखादं. ही ट्रे खाली ठेवून म्हणाली, मला गाता येत नाही. बाबांनी उगाच सांगितलं. शिवण येतं, पण गोल गळा जमत नाही."

"मग?"

"मग काय. आजोबांचा चेहरा पडला. मला वाटलं, ही आपल्याला फसवायची नाही."

"आणि तुम्ही हो म्हणालात!"

"मी कुठला म्हणतोय? आईच म्हणाली. मी मान हलवली." आणि पुढे म्हणाले, "पण जोरात हलवली."

आत्या, मला नेहमी वाटायचं, आम्हा सगळ्यांसाठी तू बोललीस, तुझ्या वेळी कोण बोललं असेल? तर तूच. भरल्या घरात, बापाला खोटं पाडून. आजोबा गिरणीतून थकून यायचे, त्यांना एका मुलीचं तरी चांगलं घर बघायचं होतं, म्हणून त्यांनी गाणं जोडलं असेल. जसं ओमने कोऑर्डिनेशन जोडलं. आपल्या माणसाला कमी पडू नये म्हणून लोक किती काय काय जोडतात. तू ते सगळं काढून टाकायचीस, आणि खाली उरलेलं माणूस समोर ठेवायचीस. आणि तुझा विश्वास असायचा की तेवढं पुरेल. माझ्याबद्दल असा विश्वास दुसऱ्या कुणाला होता? मला तर नव्हता. याबद्दल तुला काही बोललो नाही. आपल्यात तसं बोलत नाहीत. बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, "ताप आलाय काय रे?"

रविवारी मीना आली. डोळे सुजलेले, हातात बाबांसाठी नवी बॅग. तिचं काही चुकत नव्हतं, आत्या. आई गेली, आता बाप एकटा घाटकोपरला आणि ती बोरिवलीला. तिला रात्री झोप लागत नाही. मला वैशालीने आधीच बजावलं होतं, "तिला दुखवलंस तर घरी येऊ नकोस."

मीना म्हणाली, "नंदू, तू समजाव रे बाबांना."

मी पाणी प्यायला उठलो. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा बसलो. आणि तुझी आठवण काढून तोंड उघडलं.

"मीना, आधी मी सांगतो. काकांना स्वयंपाक येत नाही. चहा येतो, पण साखर कुठे असते ते माहीत नाही. गोळ्या विसरतात. कानाचं यंत्र कानात कमी आणि खिशात जास्त असतं. बेल ऐकू येत नाही. एकटं राहायचा अनुभव शून्य. परवा दूध उतू जाऊन गॅस विझला तो तसाच चालू होता, शेजारणीला वास आला म्हणून कळलं..."

"काय?" मीना ओरडली. "हे मला कुणी सांगितलं नाही!"

"अरे," काका म्हणाले, "तू माझ्या बाजूचाच ना?"

तू कधी कुठे थांबायचीस ते मी नीट पाहिलंच नव्हतं. पण मीनाकडे पाहिलं तर ती वेगळ्याच नजरेने माझ्याकडे बघत होती. "हे सगळं मी बोलणार होते," ती म्हणाली. "येताना रिक्षात पाठ करत आले. आता मी काय बोलू?" आणि मग तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. "मेल्या, तू आईसारखं करतोयस."

"प्रयत्न करतोय. काय नाही ते सांगून झालं. काय आहे ते आता त्यांना विचार."

मीनाने डोळे पुसले. बापाशेजारी जाऊन बसली. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "बाबा, काय येतं तुम्हाला?"

काकांनी नव्या बॅगेकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते मान हलवतील आणि बॅग भरायला उठतील. ते म्हणाले, "मला इथे राहता येतं. कोण जिन्यात भेटतं, कुठल्या बाकावर सकाळी सावली असते, कुणाला हाक मारायची, सगळं येतं. इथली तालीम झालीय माझी. तुझ्याकडे सगळं चांगलं आहे बाळ. पण तिथे मला पहिल्यापासून शिकावं लागेल. या वयात मला नवीन कोण ठेवून घेणार?"

"मी घेणार ना, बाबा!"

"माहीत आहे. म्हणून तर हो म्हणून टाकतो मी."

तुझ्या घरातला पंखा मात्र छान चालतो, अजिबात आवाज करत नाही. मग मी, ज्याला नाही म्हणता येत नाही तो मी, एकच वाक्य म्हणालो. ते माझं नव्हतंच. "मीना, तीन महिने ठेवून बघ."

तिने नाक ओढलं आणि तहाची बोलणी सुरू केली. गॅस बंद, विजेची शेगडी. दुपारचा डबा दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंकडून. शनिवार-रविवार बोरिवली, आणि तिथे स्वतःला 'पाहुणा' म्हणायचं नाही. कानाचं यंत्र कानात. काका प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते. मी बघत होतो, या वेळी जोरात हलवत होते. यंत्र तोवर पुन्हा खिशात गेलं होतं, त्यामुळे त्यांना काय कळलं देव जाणे.

कारण मीना बॅग परत गुंडाळायला लागली तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "काय ठरलं?"

"तीन महिने ठेवून बघणार."

"कुणाला? तुला की मला?"

"दोघांना, काका."

त्यांना ते पटलं. उठून आत गेले. भांड्यांचे आवाज यायला लागले. मीना उठू बघत होती, मी तिला हाताने बसवलं. बऱ्याच वेळाने काका तीन कप घेऊन बाहेर आले, बशीत अर्धा चहा सांडलेला.

मीनाने घोट घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. साखर नव्हती. पण ते मी आधीच सांगून ठेवलं होतं ना, त्यामुळे आत्या, तिने आणखी एक घोट घेतला आणि म्हणाली, "बाबा, चांगला झालाय."